गाडी नको, चालवणारा घेऊन या

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या दुचाकी मेकॅनिक संघटनेचे लाडके काका. आजच्या प्रमुख पाहुण्या, फिरत्या परिचारिकांच्या प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुख आणि माझ्या सख्ख्या नणंदबाई. त्यांच्या शेजारी बसलेले आणि गळ्यात टाय असल्यामुळे आज कधी नव्हे ते गप्प असलेले आमचे मोठे भाऊजी. जिला निरोप द्यायला हा सगळा घाट घातलाय ती आजची सत्कारमूर्ती, तुम्हा सगळ्यांच्या वहिनी आणि माझ्या एकटीच्या थोरल्या जाऊबाई. समोर बसलेले सगळे मेकॅनिक, स्पेअर पार्टवाले, गिऱ्हाईक, गिऱ्हाइकांची मुलंबाळं, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची पकडून बसलेले आमचे हे, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

कुणीतरी हा माइक जरा खाली करून द्या. माझ्या आधी बोलून गेले ते सगळेच ताडमाड होते. हं, आता झालं.

संयोजकांनी मला बजावलंय की थोडक्यात बोला, मागे चहा तयार आहे. मी थोडक्यात बोलेन असं त्यांना कशावरून वाटलं कोण जाणे. जाऊबाईंविषयी बोलायला जावेला उभं केलं आणि वर सांगितलं थोडक्यात? मंडळी, अशी संधी बाईच्या आयुष्यात एकदाच येते!

इथे गॅरेजशी संबंध नसलेलेही बरेच जण दिसताहेत. त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट सांगून टाकते. मोटारसायकलच्या हँडलाखालून पुढच्या चाकाकडे दोन नळ्या उतरतात ना, त्याला फोर्क म्हणतात. नळीत स्प्रिंग असते आणि तेल असतं. खड्डा आला की स्प्रिंग दबते, आणि ती एकदम उसळू नये म्हणून तेल तिला धरून ठेवतं. हे दोन्ही जमलं तर खड्डा खालीच राहतो. नाही जमलं तर तो मनगटातून दंडात, दंडातून मानेत आणि तिथून घरच्यांच्या डोक्यात जातो. माणूस घरी येऊन विनाकारण खेकसतो. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आधी त्याचा फोर्क तपासा, असं ताई नेहमी सांगतात. मी त्यांना जाऊबाई फक्त भाषणात म्हणते, एरवी ताईच म्हणते.

ताई या घरात आल्या तेव्हा गॅरेज घराच्या खालीच होतं. वर बायका भांडी आपटायच्या, खाली भाऊजी आणि आमचे हे, दोघे भाऊ पाने आपटायचे. इंजिन म्हणजे दोघांचा जीव की प्राण. इंजिनचा आवाज ऐकायचा म्हटलं की दोघे अशी मान तिरकी करायचे, जणू गाणंच ऐकताहेत. आणि फोर्क? तेल अडवणारं रबरी सील गळतंय? बदला. तेल संपलंय? ओता. ढकला गाडी बाहेर, पुढची घ्या. खोललेले पार्ट धुवायचा दोघांनाही कंटाळा. म्हणून ताई एक दिवस खाली उतरल्या, बाह्या वर केल्या आणि रॉकेलच्या टबापाशी बसल्या. त्यांना कुणी बस म्हणालं नव्हतं आणि ऊठ म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता धुणारा माणूस पार्ट हातात घेतो, उलटा-सुलटा करतो. ताईंना हळूहळू दिसायला लागलं की या गाडीचं बुश, म्हणजे नळीतली कडी, एकाच अंगाने झिजलंय, त्या गाडीची स्प्रिंग बसून आखूड झालीय, आणि दोन्ही गाड्यांत परत बसणारी स्प्रिंग मात्र तीच, तेल तेच, माप तेच. त्या विचारायच्या, “अहो, हा माणूस केवढा, तो माणूस केवढा, दोघांना एकच स्प्रिंग कशी?” भाऊजी म्हणायचे, “कंपनीने दिलीय ती.” ताई म्हणायच्या, “कंपनीने ह्या दोघांना पाहिलंय का?” यावर भाऊजी चहा मागायचे.

पुढे फोर्कचं टेबल ताईंचं झालं. ते कसं झालं हे थोडं नंतर सांगते. पण त्या टेबलाचा नियम तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. म्हणा बरं! ... बघा, आवाज कसा आला. गाडी नको, चालवणारा घेऊन या!

फोर्कचं काम असेल तर ताई गाडी ठेवूनच घेत नाहीत. मेव्हण्याबरोबर पाठवलेली गाडी मेव्हण्याबरोबर परत. जो रोज चालवतो त्याने यायचं, रोज जे काही लादतो ते लादून यायचं, आणि पाय वर घेऊन गाडीवर बसायचं. कुणीतरी गाडी उभी धरायची. मग ताई खाली वाकून नळीवरची रबराची बारीक रिंग बघणार. फोर्क जेवढा दबला तेवढी ती रिंग सरकलेली असते. त्यावरून स्प्रिंग ठरणार, तेल ठरणार. याशिवाय कितीही मोठा माणूस असला तरी पान्याला हात नाही.

आपले अंडेवाले आलेत का? आलेत. उभे राहू नका, बसूनच हसा. हे गृहस्थ पहिल्यांदा आले ते रिकामे ट्रे बांधून. ताई म्हणाल्या, “अंडी कुठायत?” हे म्हणाले, “वहिनी, फुटतील ना!” ताई म्हणाल्या, “फुटताहेत म्हणूनच आलात ना?” निमूटपणे परत गेले आणि भरलेले ट्रे घेऊन आले. आमच्या गॅरेजच्या दारात सगळा बाजार गोळा झाला होता, की आता काय होतंय. त्यानंतर अंडी फुटायची थांबली, आणि हे खुशीने इतकी अंडी पाठवायचे की आमच्याकडे बरेच दिवस पाहुण्यांना ऑम्लेट मिळायचं.

ते करसल्लागार साहेब, तिसऱ्या रांगेतले. हे अंगाने चांगले भरभक्कम. पण वेळ नाही! म्हणून स्वतःच्या सडपातळ मेव्हण्याला पढवून पाठवलं, की गाडी माझीच आहे असं सांग. मेव्हणा बसला, ताईंनी मेव्हण्याच्या मापाने फोर्क करून दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौकात ब्रेक दाबला आणि गाडीने पुढे असं लोटांगण घातलं की समोरच्या हवालदाराला वाटलं, आपल्यालाच नमस्कार केला. साहेब तणतणत आले. ताईंनी शांतपणे विचारलं, “गाडी तुमच्या मेव्हण्याची आहे ना? मग तुम्ही कशाला चालवता?”

आणि एक तरुण मुलगा यायचा, त्याचं मी काही सांगत नाही, त्याची बायको शेजारी बसलीय. बरं, तीच मान हलवून सांग म्हणतेय, तर सांगते. वडिलांना घेऊन आला होता. ताईंनी विचारलं, “मागे कुणी बसतं?” म्हणाला, “छे, मी एकटाच.” ताई वाकल्या आणि म्हणाल्या, “मग मागचे फूटरेस्ट कुणाच्या चपलांनी चकचकीत झालेत?” वडिलांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने फूटरेस्टकडे पाहिलं. पुढच्या वेळी ती मुलगी गाडीबरोबर आली, मापाला.

तर मंडळी, नवी गिऱ्हाइकं मला काउंटरवर हळूच विचारतात, तुमच्या जाऊबाईंना हे खूळ लागलं कुठून? मी आजवर सांगितलं नाही. तोंडातून ब्र काढायचा नाही असं ताईंनी मला बजावलं होतं, आणि मी तो काढला नाही. मी! विचार करा. पण सोमवारपासून ताईंच्या खांद्याला डॉक्टरांनी सुट्टी दिलीय, फोर्कचं टेबल माझ्याकडे आलंय, आणि टेबलाबरोबर ही गोष्टही माझ्याकडे आलीय असं मी धरून चालते. ताई, तुम्ही डोळे वटारू नका. तुमच्या दोन्ही हातांत गुच्छ आहे, तुम्हाला उठता येणार नाही.

आमच्या नणंदबाई आज प्रमुख पाहुण्या म्हणून किती ऐटीत बसल्यात बघा. वन्सं, तुमची परवानगी न घेताच बोलतेय. ह्यांना परिचारिकेची नोकरी लागली ती फिरतीची. डोंगरातल्या वस्त्यांवर जायचं, लशींचा डबा मागे बांधायचा, बाळंतिणी बघायच्या, तान्ह्या मुलांना टोचायचं. रस्ता म्हणावा असा रस्ता नाहीच. घरात या नोकरीवरून बरीच रणधुमाळी झाली होती. मुलीच्या जातीने एकटीने मोटारसायकलवर हिंडायचं का, वगैरे. तेव्हा सगळ्यांच्या विरोधात बहिणीच्या बाजूने एकच माणूस उभा राहिला. हे टायवाले.

नोकरी लागली तसं भाऊजींनी ठरवलं, बहिणीच्या गाडीला आपण असं काही द्यायचं की ज्याचं नाव ते. दुसरा भाऊ घड्याळ देतो, पर्स देतो. मेकॅनिक भाऊ काय देणार? एका भल्या मोठ्या रेसच्या गाडीचा अपघात झाला होता, मागचा भाग भंगारात आणि पुढचा शाबूत. तिचा सोनेरी फोर्क भाऊजींनी मिळवला. जाड नळी वर आणि बारीक नळी खाली, तसला. तो बहिणीच्या साध्या हलक्या गाडीला बसवायचा म्हणजे खेळ नव्हता. नवे ब्रॅकेट बनवले, चाकाचा एक्सल बदलला, जेवणखाण सोडून मागे लागले. आणि बसवल्यावर स्वतः लांबवर चक्कर मारून आले. काय म्हणाला होतात भाऊजी? हो, “लोणी!” मग आमचे हे चक्कर मारून आले. हेही म्हणाले, “लोणी!” आता हे दोघे भाऊ देवाच्या दयेने कसे आहेत ते तुम्हाला दिसतंच आहे. गाडीवर बसले की आधी गाडी बसते.

आणि वन्सं तेव्हा कशा होत्या? जोराचा वारा आला तर दार धरून उभ्या राहाव्यात अशा.

नोकरी सुरू झाली. पहिले काही दिवस उत्साहाचे. मग वन्सं घरी आल्या की गप्प असायच्या. एका संध्याकाळी पाण्याचा ग्लास उचलला आणि अर्धं पाणी टेबलावर सांडलं. मी म्हटलं, दमल्या असतील. पुढे तर्क लढवायची गरज उरली नाही, कारण एक दिवस स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्या एकदम रडायलाच लागल्या. वस्तीवर तापाने फणफणलेलं बाळ होतं. त्याला सलाइन लावायची होती. वन्संना शीर सापडेना. सुई हातात, आणि हात थरथरतोय. बाळाची आई म्हणाली, “राहू द्या बाई, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.”

वन्सं म्हणाल्या, “वहिनी, मी राजीनामा देते. माझे हातच कच्चे आहेत गं. हे काम माझ्याच्याने व्हायचं नाही.”

ताईंनी विचारलं, “गाडी त्रास देते का?”

“गाडीचं काही नाही. दादाने एवढा भारी फोर्क लावून दिलाय. दोष असलाच तर माझ्यातच आहे.”

मला त्या क्षणी तिची फार दया आली. ज्या नोकरीसाठी ही पोरगी घरातल्या सगळ्यांशी भांडली, ती सोडताना ती स्वतःलाच नालायक म्हणत होती.

ताईंनी हात पुसले. खाली गेल्या आणि वन्संच्या गाडीपुढे उकिडव्या बसल्या. मी मागोमाग गेले. त्या म्हणाल्या, “ही नळी बघ.” मी बघितली, चांगली होती. “अगं धूळ बघ.” तेव्हा मला दिसलं. फोर्क वरखाली झाला की सील नळी पुसत जातं. इतक्या वाईट रस्त्याने आलेल्या गाडीची नळी चांगली वीतभर पुसलेली हवी. इथे पुसलेली पट्टी होती बोटाएवढी, बाकी सगळीकडे धुळीचा थर. म्हणजे फोर्क दबतच नव्हता. एवढ्या भारी गाडीची ती कडक स्प्रिंग, वन्संच्या वजनाने हलायचं नाव घेत नव्हती. सगळे दगडधोंडे वन्संच्या मनगटात जात होते.

ताईंना खात्री करून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, नव्या फोर्कबरोबर सगळ्यांचे फोटो काढायचे! वन्संना लशींच्या डब्यासकट गाडीवर बसवलं, पाय वर घ्यायला लावले, मी गाडी धरून उभी, आणि ताई खाली वाकून फोटो काढताहेत. वन्सं, तुम्ही विचारलंत सुद्धा, “वहिनी, माझा चेहरा वर आहे, तू चाकाचा फोटो काढतेस का?” नळीवरची रबरी रिंग जागची हलली नव्हती. मग भाऊजींना बसवलं. भाऊजींनी छाती पुढे काढली, ऐटीत बसले, आणि रिंग सरकली की बरीच खाली. फोर्क भाऊजींना ओळखत होता. वन्संना तो ओळखतच नव्हता.

मी म्हटलं, “ताई, भाऊजींना सांगूया.”

ताई म्हणाल्या, “काय सांगू? की तुम्ही हौसेने दिलं त्याने तुमच्या बहिणीचे हात निकामी होत चाललेत? ते जन्मभर तिच्याकडे बघताना तेवढंच बघतील. आधी तिचे हात ठीक होऊ देत.”

मग एक दिवस दोघे भाऊ पार्ट आणायला बाहेरगावी गेले आणि आम्ही दोघींनी शटर अर्धं ओढलं. ताईंनी पुढचं चाक काढलं, फोर्क उतरवला, तेल काढलं, ती दांडगी स्प्रिंग बाहेर काढली. भंगारातून लहान गाडीची मऊ स्प्रिंग शोधली, ती आखूड निघाली. मग पाइपचा तुकडा कापून वर बसवला. पाइप कापल्यावर ताई कानस घेऊन बसल्या, त्याची कड घासून अगदी गोल करेपर्यंत उठल्या नाहीत. मी घाई करत होते, भाऊ येतील. त्या म्हणाल्या, “धारदार कड आत राहिली तर तेलात कचरा होतो.” पातळ तेल भरलं, सगळं परत चढवलं. बाहेरून सोनेरी रंग जसाच्या तसा. भाऊ परत आले तेव्हा आम्ही वर भाजी निवडत होतो.

सगळं एका झटक्यात जमलं असं नाही हं. पहिल्यांदा फोर्क जरा जास्तच मऊ झाला, ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली. मग ताईंनी तेलाची पातळी थोडी वाढवली. पुन्हा फोटो काढले! त्या काळात आमच्या घरात चाकांचे जितके फोटो निघाले तितके माझ्या लग्नात माझे निघाले नव्हते.

आणि हळूहळू ग्लासातलं पाणी सांडायचं थांबलं. वन्सं घरी येऊन पुन्हा बडबडायला लागल्या. एक दिवस जिना चढताचढताच ओरडल्या, “वहिनी, आज एका फटक्यात शीर सापडली! एवढंसं बाळ होतं!” राजीनामा राहिला तो राहिलाच. जेवताना म्हणाल्या, “सवय झाली बघ हातांना.” ताई म्हणाल्या, “होते सवय.” मी म्हटलं, “होते.” आणि भाऊजी ताठ बसून म्हणाले, “फोर्क कसला आहे पण!” त्यानंतर कितीतरी वर्षं भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गाडी दाखवायचे, रेसचा फोर्क आहे, बहिणीसाठी लावला. आणि ताई शेजारी बसून रॉकेलमध्ये पार्ट धुवायच्या आणि मान डोलवायच्या. मंडळी, मी भांडकुदळ बाई आहे. माझ्याच्याने एक दिवसही हे झालं नसतं. मला विचाराल तर ताईंच्या हातातल्या कसबापेक्षा मला त्या मान डोलावण्याचं जास्त कौतुक आहे.

वन्संच्या त्या फोर्कपासून ताईंनी ठरवलं, चालवणारा समोर बसल्याशिवाय फोर्क उघडायचा नाही. नियम तिथून आला.

आता... भाऊजी, तुम्ही उठलात का? बसा ना. मी वाईट काहीच म्हटलं नाही. अहो, रागावलात का? माइक हवाय? नको? बरं, तिथूनच सांगा, मी सगळ्यांना सांगते.

काय? ... पुन्हा सांगा.

मंडळी, मागे ऐकू आलं नसेल. भाऊजी म्हणताहेत, मला माहीत होतं.

थांबा, थांबा, शांत राहा. ते सांगताहेत की काही महिन्यांनी त्या फोर्कचं एक सील गळायला लागलं. ताई तेव्हा माहेरी गेल्या होत्या. भाऊजींनी स्वतःच फोर्क खोलला. आत मऊ स्प्रिंग आणि वर पाइपचा तुकडा. म्हणताहेत, “पाइपची कड गोल घासलेली होती. आमच्यात अशी कड दुसरं कोण करतं?” मग त्यांना कळलं सगळं. सील बदललं, तुकडा होता तसा परत ठेवला आणि फोर्क बंद केला.

आणि म्हणूनच... अगंबाई! मंडळी, ताई माहेरून आल्या त्याच आठवड्यात भाऊजींनी गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की आजपासून फोर्कची सगळी कामं ही करेल, मला आणि धाकट्याला कुणी फोर्कचं विचारायचं नाही. का, ते कुणालाच कळलं नव्हतं. आम्हाला वाटलं, कंटाळा आला असेल!

मग भाऊजी, एवढी वर्षं त्या रेसच्या फोर्कच्या बढाया कशासाठी मारल्यात?

... ते म्हणताहेत, “ती गप्प बसली ती माझ्यासाठी. मी बोललो असतो तर तिचं गप्प बसणं फुकट गेलं असतं. आणि बढाया थांबवल्या असत्या तर तिला संशय आला असता.”

मला पाणी द्या जरा.

ताई, तुम्ही काय पुटपुटताय? माइक लांब आहे, मोठ्याने बोला. काय? “तेव्हाच म्हटलं, उजव्या बाजूला तेल कमी कसं निघालं.” म्हणजे? म्हणजे तुम्ही नंतर तो खोललात तेव्हा तुम्हाला नवं सील दिसलं, तेल कमी दिसलं, आणि तुम्हालाही कळलं की ह्यांना कळलंय?

बघा, मानही कशी डोलावताहेत. तीच ती मान!

म्हणजे मंडळी, या घरात हे दोघं एकमेकांचं सगळं जाणून सुखाने जेवत होते, आणि गुपित पोटात ठेवून पोट दुखवून घेत होते ती एकटी मी! अहो शेवटची रांग, तुम्हाला तरी माहीत होतं का? ... नाही? देव पावला.

वन्सं. तुम्ही हसत नाही आहात. हा माइक घ्या, मी बाजूला होते. नको? बरं, मला कानात सांगा.

मंडळी, जरा शांतता. नणंदबाई जे म्हणताहेत ते मी जसंच्या तसं सांगते. त्या म्हणाल्या, “माझ्या केंद्रात दर वर्षी नव्या मुली येतात. दर वर्षी एक-दोघी तरी म्हणतात, बाई, आमचे हात थरथरतात, शीर सापडत नाही. मी त्यांना माझीच गोष्ट सांगते. थोडे दिवस काढा, हातांना सवय होते, मलाही झाली. काही जणी राहतात. काही जणी स्वतःला दोष देत सोडून जातात.” आणि ताईंना त्या म्हणाल्या, “वहिनी, तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस.”

वन्संचं खरं आहे. ताईंच्या चांगुलपणाला मी आज इथे तोंड भरून नावाजलं. ते नावाजणं मी मागे घेत नाही. पण आम्ही तिघं एकमेकांची मनं जपत बसलो आणि ज्या मुलींना आम्ही कधी पाहिलंही नाही, त्या आपल्याच हातांवर रुसून घरी गेल्या. हे आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं.

ताई उठल्या. गुच्छ अध्यक्षांच्या मांडीवर ठेवला. अध्यक्ष महाराज, सांभाळा. ताई वन्संजवळ गेल्यात. वन्संचे हात हातात घेऊन विचारताहेत, “सोडून गेलेल्यांचे पत्ते आहेत?”

वन्सं म्हणताहेत, “आहेत.”

ताई म्हणताहेत, “सगळ्यांना बोलव. आत्ताच्यांनाही पाठव. गाडीसकट, डब्यासकट. सोमवारपासून. पाने ही चालवेल, माझा खांदा गेलाय. पण रिंग बघायला खांदा लागत नाही, डोळे लागतात. मी शेजारी खुर्ची टाकून बसते.” आणि भाऊजी टाय सोडवता सोडवता म्हणताहेत, स्प्रिंगा मी शोधून आणतो.

तर सभ्य स्त्री-पुरुषहो, निरोप समारंभाचं काय करायचं ते आता संयोजकांनी ठरवावं. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो, त्या सोमवारी सकाळी कामावर हजर होणार आहेत. निरोपाचा शब्द मागे घ्यायचा असेल तर अध्यक्षांनी घ्यावा, मला ते जमणार नाही.

अध्यक्षांचे, संघटनेचे, या सभागृहाच्या व्यवस्थापकांचे, इतका वेळ गाडी सोडून खुर्चीवर बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानते. चहा थंड झाला असेल तर तो माझा दोष, पुन्हा गरम करून घ्या. बोलण्याच्या भरात कुणाच्या वजनाविषयी, कुणाच्या मेव्हण्याविषयी काही जास्तीचं निघालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. घरातली गोष्ट मी चारचौघांत बोलले, त्याबद्दल भाऊजींची आणि ताईंची क्षमा मागते.

वन्सं, तुमची मात्र वेगळी मागते. ती सोमवारपासून, एकेका मुलीचा फोर्क नीट करून, मागेन.